सुभद्राविलाप, संगीत: सुशांत परब

अभिमन्यू मेला पाहिजे, याबद्दल आमच्या गणेशोत्सव मंडळाच्या पहिल्याच मीटिंगमध्ये एकमत झालं. वाद झाला तो कुठल्या संगीतावर मरणार यावरून.

डोंबिवलीजवळच्या कोपरमधली आमची सोसायटी भोईरांच्या जमिनीवर उभी आहे आणि मंडळाचा अध्यक्ष धनेश भोईर आहे. ज्याच्या आजोबांच्या भातशेतावर आपण पार्किंगसाठी भांडतो, त्याला निदान अध्यक्ष करणं एवढंच आपल्या हातात उरतं. माणूस मात्र कमालीचा हौशी. दरवर्षी हलता देखावा स्वतःच्या हाताने करतो, भंगारातल्या गाड्यांच्या वायपरच्या मोटारी जोडून. यंदा चक्रव्यूह ठरला होता. कौरवांसाठी त्याने स्टेशनजवळच्या बंद पडलेल्या कापडदुकानातले पुतळे उचलून आणले, त्यामुळे आमचे सगळे महारथी हसतमुख होते आणि एक हात कमरेवर ठेवून उभे होते. दुःशासन तर सरळसरळ लेडीज सेक्शनमधला होता. त्याला मिशी लावून भागवलं.

"म्युझिक नेहमीचाच पेनड्राइव्ह टाकू," धनेश म्हणाला. त्या पेनड्राइव्हमध्ये एक ढणढणाट आहे. आजवर त्याच ढणढणाटावर आमच्याकडे कंस, हिरण्यकश्यपू आणि प्लास्टिक कचऱ्याचा राक्षस असे तिघं मेले आहेत.

"मी करतो की संगीत," मी म्हणालो.

सगळे माझ्याकडे वळले. मी सुशांत परब, विमा कंपनीत क्लेम विभागात आहे. लोकांचे अपघात खरे की खोटे ते बघतो. मला पेटी येते. म्हणजे पेटी समोर ठेवली तर मी उठून जात नाही. पण डोक्यात सतत काहीतरी वाजत असतं, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यांना टाळ्या दिल्यावर एकदा तरी चार माणसांनी आपलं काहीतरी शेवटपर्यंत ऐकावं, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. हे मी मीटिंगमध्ये बोललो नाही. मी फक्त विचारलं, "फ्लेक्सवर नाव येईल ना?"

"टाकू ना काका. फोटो पण टाकू."

"फोटो नको. 'संगीत: सुशांत परब' एवढं पुरे."

घरी रसिकाला, म्हणजे आमच्या मंडळींना, ही बातमी दिली. ती मटार सोलत होती, सोलतच राहिली. "अहो, तुम्हाला पंख्याचा रेग्युलेटर बदलता आला नाही."

"त्याचा संगीताशी काय संबंध?"

"तेव्हापासून तो पंखा गातोय, म्हणून म्हटलं."

अशा माणसांच्या सान्निध्यात मोठमोठ्या कलाकृती जन्माला येतात, हे मी मनाशी म्हटलं आणि समीक्षाचा कीबोर्ड माळ्यावरून काढला, त्यात पेटीचाही सूर निघतो. समीक्षा ही आमची मुलगी. शाळेत असताना तिला हा घेऊन दिला होता, तिने त्यावर राष्ट्रगीताचा निम्मा भाग बसवला आणि संगीतसंन्यास घेतला.

रचना मी चार भागांत आखली. रणभेरी, चक्रव्यूहप्रवेश, वध आणि सुभद्राविलाप. पहिले तीन भाग लोकांसाठी होते. चौथा माझा होता. सगळं युद्ध संपलंय, धूळ खाली बसलीय आणि एक आई एकटी बसलेली आहे, मागे फक्त पेटीचा सूर. ही चाल मला रविवारी नारळ खवताना आली. सुचली असंही म्हणवत नाही, इतकी ती आपली आपण आली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जणू शेजारून कुणीतरी देत होतं. शेवटाकडे ती वर चढू पाहत होती. ते मला पटेना. मुलगा गेलेली बाई वर कशी चढेल? मी तिथे तिला हळूच खाली उतरवलं. उतरवल्यावर खवणीवर बसल्या बसल्या मी डोळे पुसले. रसिका डोकावून म्हणाली, "नारळच खवताय ना?"

रेकॉर्डिंग बेडरूममध्ये सुरू झालं. खिडक्यांना गोधड्या लावल्या, पंखा बंद. पंखा बंद केला नसता तर चक्रव्यूहात हेलिकॉप्टर शिरलं असतं. घोड्यांच्या टापांसाठी दोन करवंट्या घेतल्या आणि लादीवर आपटायला लागलो. कौरवांचं घोडदळ जेमतेम कुरुक्षेत्रावर आलं असेल नसेल, तेवढ्यात बेल वाजली.

दारात पंढरीकाका. हे आमच्या बरोबर खाली राहतात. महापालिकेतून निवृत्त झालेत आणि आता सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, म्हणजे खऱ्या अर्थाने निवृत्त झालेलेच नाहीत.

"परब, लाद्या बदलताय का?"

"नाही हो, घोडे आहेत."

काकांनी आत वाकून पाहिलं. "प्राणी पाळायलाही परवानगी लागते," असं म्हणून ते गेले आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या लेटरहेडवर मला नोटीस आली, की सदनिकेत विनापरवाना तोडकाम चालू असल्याचे निदर्शनास आले आहे. मी उत्तरात करवंट्यांचा खुलासा केला. त्यावर काकांनी करवंट्या कमिटीसमोर सादर करायला सांगितल्या. मी पिशवीतून घेऊन गेलो, टेबलावर वाजवून दाखवल्या. कमिटीने ऐकून घेतलं आणि ठराव केला की घोडदळ दुपारी दोन ते चार वगळून चालवावे व खाली सतरंजी अंथरावी. सतरंजीवर घोडे फार वाईट पळतात, म्हशीसारखे.

तलवारींसाठी झारा आणि उलथणं घेतलं. ते छान वाजलं. राहिली अभिमन्यूची अखेरची किंकाळी. समीक्षाने साफ नकार दिला, म्हणाली, "बाबा, माझं कॉलेज याच एरियात आहे." तेव्हा मीच तोंड कपाटात घातलं, रसिकाला झारा-उलथणं देऊन मागे उभं केलं आणि पोटातून ओरडलो. किंकाळी एकदम अस्सल आली. इतकी की वॉचमनसकट अर्धा मजला दाराशी जमला. रसिकाने हातात झारा तसाच धरून दार उघडलं आणि तिच्यामागे मी विस्कटलेल्या केसांनी, घामाघूम. मी म्हणालो, "काही नाही, मी मरत होतो." त्या दिवसापासून लिफ्टमध्ये बायका रसिकाला आधी आत जाऊ देतात.

एव्हाना सगळ्या सोसायटीला कळलं होतं आणि सल्ले सुरू झाले होते. कुणी म्हणालं तुतारी हवीच, कुणी म्हणालं ढोल-ताशाशिवाय डोंबिवलीत कुणी थांबत नाही. ए विंगमधल्या एका बाईंनी तर मला भाजी घेताना गाठून विचारलं, "लहान मुलं बघायला येतात हो, शेवटी तो वाचला असं नाही का दाखवता येणार?" मी म्हटलं, व्यासांना विचारून सांगतो. त्या म्हणाल्या, "हो, विचाराच. कुठल्या विंगमध्ये असतात?"

मग आली पोलिसांची परवानगी. देखावा कुठला आणि त्यात काय बोललं जाणार, हे चौकीत आधी लिहून द्यावं लागतं. धनेश मला बरोबर घेऊन गेला. टेबलामागच्या साहेबांनी आमचा कागद उलटापालटा करून पाहिला.

"संहिता कुठाय?"

"साहेब, शब्द नाहीत. नुसतं संगीत आहे," मी म्हणालो.

"मग संगीताची संहिता द्या. उद्या काही झालं तर मी वर काय दाखवू?"

बाहेरच्या बाकावर बसून मी लिहिलं. धडाम धडाम. टपटप टपटप. खणखण. किंकाळी एक. पेटी, दुःखी. साहेबांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं. "याने कुणाच्या भावना दुखावणार नाहीत ना?"

"साहेब, सगळ्यांच्याच दुखावल्या पाहिजेत. अभिमन्यू मरतो."

धनेशने माझा पाय दाबला. साहेबांनी 'किंकाळी'वर गोल करून बाजूला 'सौम्य' असं लिहिलं आणि शिक्का मारला. कलेला राजाश्रय मिळाला की थोडं सौम्य व्हावंच लागतं.

खरा घोळ चतुर्थीच्या आदल्या दिवशी उघडकीला आला. माझी रचना चांगली दहा-बारा मिनिटांची. धनेशच्या मोटारीवरचं चक्र मिनिटभरात एक फेरी पुरी करायचं. त्यामुळे रणभेरी वाजत होती तोवरच अभिमन्यू आत शिरून, मरून, पुन्हा उठून दाराशी येऊन उभा राहायचा. प्रवेशाच्या संगीतात तो तीनदा मेला. आणि विलाप सुरू झाला तेव्हा पठ्ठ्या तलवार उगारून ताजातवाना उभा होता आणि कमरेवर हात ठेवून कौरव त्याच्याकडे कौतुकाने पाहत होते.

"काका, मोटर स्लो केली तर जळते," धनेश म्हणाला. "तुम्ही असं करा ना, तो शेवटचा रडका पार्ट उडवा. बाकीचं मी बसवतो."

"रडका पार्ट?"

"म्हणजे तो पेटीवाला."

मी सांगितलं, रणभेरी काप, घोडे काप, माझी किंकाळीसुद्धा काप, पण विलापाला हात लावायचा नाही. माझा आवाज चढला असावा, कारण धनेश एकदम नरमला. "बरं बरं, बाकीचं कापून बसवतो, तो पार्ट राहू दे. रडू नका काका," म्हणाला. मी रडत नव्हतो. पण झाडून सगळ्यांनी मला पाणी आणून दिलं.

गणपती बसले. फ्लेक्स लागला. माझं नाव होतं, अगदी खाली उजव्या कोपऱ्यात, मंडपाचा बांबू मधोमध येऊन. डावीकडून पाहिलं तर 'संगीत: सुशां' दिसायचं आणि उजवीकडून 'त परब'. मी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला डावीकडून उजवीकडे चालवत नेत होतो.

मात्र विलाप कुणीही ऐकेना. अभिमन्यू मेला की लोकांना वाटायचं संपलं, आणि ते प्रसादाच्या रांगेकडे पळत सुटायचे. जे चुकून थांबायचे, त्यांच्या कानांवर बरोबर त्याच वेळी माइकवरून यायचं, "एमएच शून्य पाच, पांढऱ्या गाडीचे मालक, कृपया गाडी काढावी!" माझ्या सुभद्रेने रोज त्या पांढऱ्या गाडीसाठी शोक केला. रसिकासुद्धा आरतीची तयारी करायला नेमकी तेव्हाच उठायची. मंडपात मागच्या खुर्चीवर बसून आपला मीच ऐकायचो आणि मलाच ते आवडायचं.

गौरीच्या दिवशी सखुबाई आल्या. सखुबाई म्हणजे धनेशची आजी. वय झालंय, पण गावात कुणाचंही लग्न असो, धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायला यांनाच बोलावणं जातं. आगरी लोकांत हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्न लागतं ते या बायकांच्या गाण्यावर. बरोबर त्यांच्या चार-पाच मैत्रिणी होत्या. सगळ्या पुढच्या रांगेत बसल्या, आणि म्हाताऱ्या माणसांना प्रसादाची घाई नसते. अभिमन्यू मेला तरी त्या उठल्या नाहीत. विलाप सुरू झाला. पांढऱ्या गाडीचा मालक त्या दिवशी गावाला गेला होता. मी मागे श्वास रोखून बसलो.

दुसऱ्या ओळीला सखुबाईंची मान डोलायला लागली. माझ्या अंगावर शहारा आला. तिसऱ्या ओळीला त्या गुणगुणू लागल्या. आणि चौथ्या ओळीला त्यांनी खुल्या आवाजात सरळ गायलाच सुरुवात केली, नवरीला हळद लावतात त्याचं गाणं, शब्दांसकट, माझ्या चालीत. मैत्रिणींनी साथ धरली. एकीने टाळ्या वाजवल्या. समोर सोळा वर्षांचा पोर मरून पडतोय आणि मंडपभर हळद चाललेली. पोरंटोरं नाचायला लागली.

गाणं शेवटाकडे आलं आणि एकदम गडबडलं. बायका वर गेल्या, पेटी खाली गेली. सगळ्या थांबल्या. सखुबाईंनी मागे वळून विचारलं, "कोनी केलाय र हा गाना?"

धनेशने माझ्याकडे बोट दाखवलं.

"ये परबा, इकर ये. ही चाल तुजी?"

"हो. म्हणजे... मला सुचली."

"तुना सुचली? मना माजे सासूनी शिकवली ती!"

सगळा मंडप हसला. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. मग एकदम आठवलं. मागच्या मे महिन्यात यांच्या नातीची, कल्पिताची, हळद आमच्या खिडकीखाली झाली होती. दोन दिवस या बायका तिथे गात होत्या. मी तेव्हा आवाजाबद्दल पंढरीकाकांकडे तक्रार केली होती आणि तणतणत खिडक्या लावून घेतल्या होत्या. खिडक्या लावल्या तरी चाल आत येऊन बसली होती आणि नारळ खवायची वाट बघत होती.

मी घरी येऊन पडलो. फार वाईट वाटत होतं. लोक हसले त्याचं नव्हे, त्याची मला सवय आहे. आयुष्यात एक गोष्ट माझी म्हणून झाली होती, तीही माझी नव्हती, याचं. संध्याकाळी गेलो आणि फ्लेक्सवरच्या माझ्या नावावर पांढरा कागद चिकटवला. त्यावर लिहिलं, 'चाल पारंपरिक'. पंढरीकाका बघत होते. त्यांनी चक्क परवानगी घेतली का, असं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनेश आला. "काका, आजीने बोलावलंय. बाजा घेऊन या म्हणाली."

कीबोर्ड काखेत मारून गेलो. बोलणी खायची मनाची तयारी करून गेलो होतो. सखुबाई ओटीवर पाय पसरून बसल्या होत्या. मी म्हटलं, "माफ करा, मला खरंच माहीत नव्हतं."

"माफी कया मांगतस? वाजव."

मी वाजवायला लागलो, त्या गायला लागल्या. शेवटाकडे आलो आणि पुन्हा तेच. त्या वर, मी खाली. त्यांनी हात उचलला.

"आमी हितं वर जातो. तू खाली कया आलास?"

मला ओशाळल्यासारखं झालं. "सुभद्रेचा मुलगा गेलाय ना हो. मला वाटलं, तिचा आवाज वर नाही जाणार."

आत कुणीतरी कुकर लावत होतं. सखुबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पोरीला हलद लावताना पन नाय जात. ओढून न्यायला लागते." आणि थोड्या वेळाने, "परत वाजव."

मी परत वाजवलं. त्या जागेवर त्या माझ्याबरोबर खाली उतरल्या. पहिल्यांदा चुकल्या, माझ्यावरच खेकसल्या, पुन्हा वाजवायला लावलं. मग जमलं. त्यांच्या त्या जाड, चिरक्या आवाजात ती जागा अशी उतरली की माझी बोटं पट्टीवर तशीच राहिली. मी जे केलं होतं ते मला पहिल्यांदाच ऐकू आलं.

"येवरी जागा तुजी हाय," त्या म्हणाल्या. "बाकी आमची."

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळच्या आरतीनंतर धनेशने मोटार बंद ठेवली. अभिमन्यू एकदाचा पडलेलाच राहिला. मी पेटी धरली आणि सखुबाई गायल्या. पांढऱ्या गाडीचा मालक गावाहून परत आला होता आणि गाडी आडवीच लावली होती, पण माइक धनेशने स्वतःच्या मांडीखाली घेऊन ठेवला होता. रसिका पुढच्या रांगेत शेवटपर्यंत बसली. नंतर नैवेद्याची भांडी आवरताना म्हणाली, "ते शेवटी खाली येतं, ते कुणाचं?" मी म्हटलं, माझं. ती "हं" म्हणाली आणि त्या रात्री माझ्या पानात दोन मोदक जास्त वाढले. आमच्याकडे याला पुरस्कार म्हणतात.

मार्गशीर्षात भोईरांच्या कुठल्याशा भाच्याची हळद ठाकुर्लीला होती. आम्हाला आग्रहाचं आमंत्रण होतं. सखुबाईंचे गुडघे धरले होते, त्या आल्याच नव्हत्या. डीजे थोडा वेळ थांबवला आणि बायका धवला गायला बसल्या. त्यांतली एकही माझ्या ओळखीची नव्हती. चाल सुरू झाली आणि मी ताटावरचा हात थांबवला. ओळी सरकत शेवटाकडे आल्या. आता वर जाणार, असं म्हणत होतो, तोच त्या सगळ्या जणी एकदम, सहज, खाली उतरल्या.

रसिकाने माझ्या दंडाला धरलं.

मला राहवेना. शेजारी एक पागोट्यातले आजोबा जेवत होते, त्यांना म्हणालो, "आता ती जागा ऐकलीत? खाली उतरली ती?"

"हां," ते भात कालवत म्हणाले. "लय जुनी हाय ती. आमचे पंजीचे वखतापासूनची. तुमच्यासारख्या लोकांना नाय समजायची."

माझ्या तोंडाशी स्वतःचं नाव आलं होतं, 'संगीत' या हुद्द्यासकट. पण नवरदेवाची आई हळद कालवलेलं बोट तसंच धरून त्या गाण्यात रडत होती आणि आजोबांनीही घास थांबवला होता.

"हो, जुनीच दिसते," मी म्हणालो, आणि पुढच्या कडव्याला ती पुन्हा येणार होती म्हणून गप्प बसून राहिलो.